पाणलोट राखायचा म्हणजे नेमकं काय राखायचं?

संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'नदीचं पाणलोट क्षेत्र आणि लोकसहभाग'. यातला पहिला शब्द भूगोलाच्या पुस्तकातला, दुसरा सरकारी कागदांवरचा. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे बंधाऱ्याची जाडी किती असावी हे मला विचारू नका. ते सांगणारे जाणकार वेगळे आहेत. पण 'हे पाणी माझं आहे' असं वाक्य कोणी उच्चारलं, की त्यातल्या 'माझं' या शब्दाचा अर्थ काय, हे विचारणं हा आमचा जुना उद्योग. आज मी तेवढंच करणार आहे. आणि माझं म्हणणं असं आहे, की पाणलोटाचं काम शेवटी याच एका शब्दापाशी येऊन अडतं किंवा सुटतं.

आधी पाणलोट म्हणजे काय ते नीट पाहू. पावसाचा थेंब डोंगराच्या धारेवर पडतो. धारेच्या अलीकडे पडला तर एका ओढ्याला जातो, पलीकडे पडला तर दुसऱ्या. ज्या जमिनीवर पडलेलं सगळं पाणी शेवटी एकाच वाटेने बाहेर जातं, ती त्या ओढ्याची किंवा नदीची पाणलोट जमीन. उदाहरण म्हणून आपली कऱ्हा घ्या. पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेला गराड्याच्या बाजूच्या डोंगरांत ती उगम पावते, सासवडला येते, तिथे संगमेश्वरापाशी चांबळीला भेटते, जेजुरीजवळून, मोरगावावरून पुढे बारामती तालुक्यात जाते आणि नीरेला मिळते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानाला जाते ती याच नदीवर. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिलं तेही हिच्यावरूनच. म्हणजे देवाने, माणसांनी आणि साहित्याने जिला आपलं मानलं अशी ही नदी. आणि वर्षातले कितीतरी महिने ती कोरडी असते!

आता यात गंमत बघा. आपण 'नदी' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पात्र येतं. पूजा पात्राची, घाट पात्राला, स्वच्छता मोहीम पात्रात. पण पात्र हे नदीचं शेवटचं टोक आहे. नदी खरी तयार होते ती वरच्या माळावर, कुणाच्या तरी बांधावर, गायरानात, वनखात्याच्या उघड्या टेकडीवर. पाणी कुठे थांबेल, कुठे मुरेल आणि माती घेऊन कुठे धावत सुटेल, हे तिथे ठरतं. म्हणून पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' हा क्रम सांगतात. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध, शेतांत बांधबंदिस्ती, मग ओढ्यात माती नाला बांध, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या प्रवाहावर सिमेंटचा बंधारा. हा क्रम उलटा केला, म्हणजे वरचं काही न करता खाली बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

क्रम तांत्रिक वाटतो, पण त्यातून एक नैतिक अडचण उभी राहते. कष्ट वर करायचे आणि विहिरीला पाणी येणार खाली. माथ्यावर बहुधा गायरान असतं, तिथे शेळ्या चारणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. चर खणले, झाडं लावली, की चराईबंदी येते. त्याच्या शेळ्या बंद, आणि ओढ्याकाठच्या बागायतदाराच्या विहिरीची पातळी वर. श्रमदानाच्या दिवशी दोघेही कुदळ घेऊन शेजारी उभे असतात, फोटोत दोघेही असतात. पण एकाने दिलं आणि दुसऱ्याला मिळालं. याला आपण 'लोकसहभाग' म्हणतो. मला विचारायचं आहे, की सहभाग कशात? कामात की फळात? आणि त्याहून पुढचं, निर्णयात का?

थोडं गणित करू, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी झालं. समजा, हजार हेक्टरचं गाव आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे दुष्काळी पट्ट्यातलंच गाव. त्या गावाच्या शिवारावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडतं. गावात हजार माणसं धरा. माणशी रोज ५५ लिटर, हा सरकारी नळयोजनांचा निकष. वर्षाचं घरगुती पाणी किती झालं? साधारण दोन कोटी लिटर. पाचशे कोटींतले दोन कोटी! अर्धा टक्कासुद्धा नाही. मग अशा गावात टँकर का येतो?

आता याच गणिताची दुसरी बाजू. उसाला पूर्ण हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एक हेक्टर उसाला लागतं दोन कोटी लिटर. म्हणजे एक हेक्टर ऊस आणि हजार माणसांचं वर्षभराचं घरगुती पाणी, दोन्ही सारखंच. मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही. ज्या पिकाला भावाची थोडीतरी हमी आहे ते पीक माणूस घेणारच. मुद्दा इतकाच, की पाणी पडतं किती यापेक्षा ते कोण, कशासाठी, कधी उपसतो, यावर गावाचा उन्हाळा ठरतो. पाणी अडवणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं वाटण्याचं, आणि ते जास्त अवघड आहे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं मांडता येईल. गावाचं एक गायरान आहे, सगळ्यांना मोकळं. प्रत्येक जण विचार करतो, मी आणखी एक जनावर सोडलं तर दूध माझं एकट्याचं, आणि कुरणाची झीज सगळ्यांची. म्हणून प्रत्येक जण जनावरं वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होतं. उपाय दोनच, एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर वाटून खाजगी करावं. भूजलाला हे वर्णन किती चपखल बसतं पाहा! शेजाऱ्याने २०० फूट बोअर घेतली, मी ३०० घेतो, तो ४०० वर जातो. खडकाखालचं पाणी एकच, नळ्या वेगवेगळ्या.

पण हार्डिनच्या उदाहरणातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का? ते हिशेब करतात, पण पारावर बसत नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने नेमकं तिथे बोट ठेवलं. जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारीची पाणी, सिंचनाच्या जुन्या व्यवस्था त्यांनी अभ्यासल्या, १९९० साली पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की लोक शेकडो वर्षं सामायिक साधनं सांभाळत आलेले आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अशा टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही समान गोष्टी आढळल्या. कोणाचा हक्क आहे आणि कोणाचा नाही याची सीमा स्पष्ट असते. नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांनीच ते केलेले असतात. देखरेख ठेवणारा त्यांच्यातलाच, त्यांना जबाबदार असतो. आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा सौम्य, मग चढता दंड असतो. हार्डिन ज्याचं वर्णन करत होता, ती सामायिक मालकी नव्हती. तो बेवारस माल होता.

हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी जायला नको. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी तिचे अवशेष अजून आहेत. काहीशे वर्षांची परंपरा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची. आता यातली युक्ती बघा. पाणी कमी आलं, तर एखादा अख्खा फड पाण्याविना ठेवायचा. प्रत्येकाचं थोडं नुकसान होतं, पण एकच माणूस बुडाला आणि बाकीचे तरले, असं होत नाही. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या राखण करायचा, त्यांचा मोबदला शेतकरीच द्यायचे. न्यायाचा केवढा सूक्ष्म विचार आहे हा! टंचाई कशी वाटायची याची व्यवस्था त्यांनी सुकाळातच करून ठेवली होती. कारण टंचाई दारात आल्यावर कोणी न्यायाने वागत नाही, तेव्हा जो तो आपलं पाहतो.

आता पुरंदरला परत येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे एक इंजिनिअर-उद्योजक नायगावला आले. देवस्थानची ४० एकर पडीक जमीन त्यांनी कराराने घेतली आणि तिथे माती-पाणी अडवण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. बांध-तलाव पुष्कळांनी बांधले होते. साळुंख्यांचं वेगळेपण त्यांच्या नियमांत आहे. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. ऊसासारखं जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि योजनेच्या खर्चात लाभधारकाने स्वतःचे पैसे घालायचे, फुकट काही नाही.

मला यातला चौथा नियम, भूमिहीनाचा, तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोठा वाटतो. आपल्याकडे भूजलाचा हक्क सातबाऱ्याला चिकटलेला आहे. १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टपासून चालत आलेली समजूत अशी, की जमीन माझी म्हणजे तिच्याखालचं पाणीही माझं. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. आणि आपल्या समाजात जमीन कोणाच्या नावावर नाही? बहुतांश बायकांच्या, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या. हंडा ज्यांच्या डोक्यावर, हक्क त्यांच्या नावावर नाही. पाणी पंचायतीने माणसं मोजली, एकर मोजले नाहीत. पाणी हे जमिनीचं उत्पन्न नसून माणसाच्या जगण्याची अट आहे, हा विचार तिने व्यवहारात आणून दाखवला.

मग ती सगळीकडे का पसरली नाही? प्रश्न रास्त आहे. ज्याची जमीन मोठी त्याला या नियमात तोटा आहे, आणि गावात बहुधा त्याचाच शब्द चालतो. कायद्याने पाठबळ दिलं नाही. आणि धरणाचं पाणी शेजारच्या शिवारात आलं, की अडीच एकराच्या शिस्तीत राहायला माणूस तयार होत नाही. यात लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका गावाचा न्याय, भोवताली सगळा बाजार वेगळ्या नियमांनी चालत असताना टिकवणं कठीण असतं.

तरी तो टिकतो, अशीही उदाहरणं आहेत. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला ठाऊक आहे. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले. चर, बांध, झाडं ही कामं तिथे झालीच, पण गाव उभं राहिलं ते बंद्यांवर. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आणि या वर्षी कोणतं पीक किती घ्यायचं ते त्यावरून ठरवायचं. ताळेबंद हा शब्द मला आवडतो. घरात महिन्याचा पगार किती आला हे माहीत असल्याशिवाय आपण खर्च करत नाही. विहिरीच्या बाबतीत मात्र मोटर चालू करतो आणि हवा यायला लागली की थांबतो!

राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नावाची छोटी नदी आहे. तरुण भारत संघ आणि राजेंद्र सिंह यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात तिथल्या गावांनी जोहड, म्हणजे मातीचे छोटे तलाव बांधायला सुरुवात केली. गावोगाव जोहड झाले आणि कोरडी पडलेली नदी पुन्हा वाहू लागली. पुढे पाण्यात मासे आले, आणि मासेमारीच्या ठेक्याचा प्रश्न उभा राहिला. लोक म्हणाले, कोरडी होती तेव्हा आमची, आणि वाहायला लागली की सरकारची, हे कसं? १९९९ मध्ये सत्तरेक गावांनी मिळून 'अरवरी संसद' स्थापन केली. तिला कायद्याचं बळ नाही, पण ती पिकांचे, उपशाचे, चराईचे नियम करते. पाणलोटाला गावाची शीव कळत नाही, म्हणून निर्णयही गावाच्या शिवेपलीकडे जाऊन व्हायला हवेत, हे त्या लोकांनी ओळखलं.

आता आपल्या आजच्या परिस्थितीकडे या. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात पाणलोटाची कामं कमी झाली नाहीत. जलयुक्त शिवार झालं, २०१६ पासून पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. शहरातली पोरं सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन खणत होती. हे दृश्य चांगलंच होतं, त्याची कोणी थट्टा करू नये. पण श्रमदान हा उत्सव आहे. उत्सव पंचेचाळीस दिवस चालतो, पाणी वाटायचं असतं तीनशे पासष्ट दिवस. पातळी वाढल्याबरोबर काय होतं? नव्या बोअर होतात. नाहीतर प्लास्टिकचं अस्तर घातलेलं मोठं शेततळं होतं, आणि ते पावसाने न भरता विहिरीतून उपसून भरलं जातं. म्हणजे सगळ्यांनी मिळून जमिनीत मुरवलेलं पाणी एकाने वर काढलं, उन्हात उघडं ठेवलं आणि त्याला कुंपण घातलं. कायद्याने तो दोषी नाही. पण ज्या शेळीवाल्याने चर खणले, त्याला आपण काय उत्तर देणार?

दुसरी गोष्ट खालच्या गावाची. वरच्या गावाने प्रत्येक थेंब अडवला, तर खाली काय जाणार? 'गावचं पाणी गावात' ही घोषणा ऐकायला गोड आहे. पण प्रत्येक गावाच्या खाली एक गाव असतं, आणि तेही हीच घोषणा देत असतं. कऱ्हाकाठाने याची दोन्ही रूपं पाहिली आहेत. उन्हाळ्यात कोरडं पात्र, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेला तो भयंकर पूर. माथा उघडा असला, की पाणी थांबत नाही, एकदम येतं आणि एकदम जातं. खालच्याचा दुष्काळ आणि खालच्याचा पूर, दोन्हींचा धागा वरच्या माळापर्यंत जातो.

म्हणून लोकसहभागाची माझी व्याख्या अशी आहे. ज्यात लोक एकत्र येऊन काय करायचं हे ठरवतात, आणि त्याचबरोबर काय करायचं नाही हेही ठरवतात, आणि ते ठरवताना ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याला विचारतात, तो सहभाग. बाकी सगळी मजुरी, मग ती फुकट असो की रोजाने.

हे प्रत्यक्षात कुठून सुरू करायचं? चार गोष्टी सांगतो, चारही बिनखर्चाच्या आहेत. एक, गावात पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. दोन, पाच-सहा विहिरी निवडून महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजा. दोरीला दगड बांधून मुलंसुद्धा हे करू शकतात. तीन, दिवाळीच्या आसपास, रब्बीची पेरणी व्हायच्या आधी, ग्रामसभेत हा हिशेब मांडा. पेरणी झाल्यावर मांडलात तर भांडणाशिवाय काही हाती लागणार नाही. चार, वरच्या आणि खालच्या गावाची वर्षातून एक तरी बैठक घ्या.

इथे व्याख्यान संपवतो. वेळ आहे, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, कायदा कडक केला तर हे सगळं सोपं होणार नाही का?

कायदा आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा वाचा. अधिसूचित भागात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये, पाणलोट पातळीवर समिती असावी, अशा तरतुदी त्यात आहेत. पण रात्री दोन वाजता बोअरची गाडी शिवारात आली, तर तिथे कोण उभं राहणार? तहसीलदार नाही येणार, शेजारीच उभा राहू शकतो. आणि शेजारी उभा राहील तो नियम त्याने स्वतः केलेला असेल तर. म्हणून कायदा हवाच, पण गावाच्या नियमाच्या पाठीशी. त्याच्या जागी नव्हे.

प्रश्न : आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. आमचा याच्याशी काय संबंध?

तुमच्या सोसायटीमागे जो 'नाला' आहे, तो सात-बारा पिढ्यांपूर्वी नव्हे, दोन पिढ्यांपूर्वी ओढा होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना त्याचं नाव आठवेल. तुमच्या आवारात काँक्रीट किती आणि उघडी माती किती, ते आधी मोजा. तुमच्या गच्चीवर पडलेलं पाणी मुरतं की गटारात जातं, ते पावसाळ्यात खाली उतरून एकदा पाहा. आणि सोसायटीच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागतं, हे सेक्रेटरींना पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा. ते बहुधा म्हणतील, असा हिशेब आपण ठेवत नाही. मग तो ठेवायला सुरुवात करा. गावाला आणि सोसायटीला इथे काही फरक नाही.